आलूचा करपा: संकराची वाट आणि जनुकाची वाट

काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदाराला डिंक्या काय असतो हे सांगावं लागत नाही. बुंध्याची साल तडकते, डिंक ओघळतो, खाली मुळ्या कुजत जातात, आणि पावसाळ्याच्या आधी-नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावायचं राहिलं की झाड डोळ्यांदेखत वाळतं. हा उद्योग फायटोफ्थोरा नावाच्या जिवाचा. त्याच घराण्यातला दुसरा एक जीव, फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स, आलूवर पडतो. त्या रोगाचं नाव उशिरा येणारा करपा. बोलताना आपण त्याला बुरशी म्हणतो खरं, पण नात्यानं तो खऱ्या बुरशीपेक्षा शेवाळांना जवळचा आहे. म्हणूनच बुरशीवरची काही नावाजलेली औषधं त्याच्यावर चालत नाहीत.

संत्र्यात यावर एक सोय आहे. नागपुरी संत्र्याचा डोळा आपल्याकडे जंभेरीच्या खुंटावर बांधतात. जंभेरी या रोगाला लवकर बळी पडते, म्हणून रंगपूर लाईमचा खुंट घ्या असा सल्ला दिला जातो. वरचं झाड तेच, खालचं बदलायचं. आलूत तसं करता येत नाही. करपा पानावर उतरतो, तिथून खोडावर आणि पावसाच्या पाण्याबरोबर मातीतल्या कंदापर्यंत जातो. त्याच्याशी लढायचं बळ त्या झाडाच्या प्रत्येक पेशीतच असावं लागतं. ते तिथे पोचवायच्या दोन वाटा आहेत. एक संकराची, म्हणजे फुलाला फूल लावून. दुसरी जनुक उचलून थेट पेशीत घालायची, जिला आपण जीएम म्हणतो.

दोन्ही वाटांबद्दल बोलण्याआधी हा रोग जवळून पाहू. हवा गार, १० ते २० अंशांच्या आसपास, आभाळ भरलेलं, धुकं, पानं तासन्‌तास ओली. अशा दिवसांत पानाच्या टोकाला किंवा कडेला एक ओलसर, काळपट डाग दिसतो, भोवती फिकट हिरवी कड. सकाळी पान उलटून पाहिलं तर डागाच्या कडेला पांढरी लव असते. त्या लवेतून लाखो बीजाणू सुटतात आणि वाऱ्यावर शेजारच्या वावरात जातात. हवा तशीच राहिली तर आठवड्याभरात हिरवं शेत काळं पडतं आणि सडक्या वासानं भरून जातं. कंद कापला तर सालीखाली तांबूस-तपकिरी डाग आत उतरलेले दिसतात. १८४५ पासून आयर्लंडमध्ये हेच झालं. तिथल्या गरिबांचं पोट लंपर नावाच्या एकाच वाणावर चालायचं. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं भूक आणि रोगानं मेली, आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. अर्थात त्या मरणांत इंग्रज सरकारच्या धोरणाचा वाटा मोठा होता. सगळं खापर एका सूक्ष्म जिवावर फोडणं बरोबर नाही.

एकाच वाणाचं एवढं संकट का व्हावं? कारण आलू आपण बियांपासून लावत नाही, बेण्यापासून लावतो. बेणं म्हणजे मागच्या पिकाचा कंद. त्याला डोळे फुटतात आणि नवं झाड येतं, जे जनुकांच्या हिशेबानं जुन्या झाडाची हुबेहूब प्रत असतं. एका झाडाला जो रोग मारतो तो सगळ्यांना मारतो.

आता संकराकडे येऊ. भारतात हे काम मुख्यतः केंद्रीय आलू संशोधन संस्था करते. ती १९४९ साली पाटण्यात सुरू झाली आणि १९५६ मध्ये शिमल्याला गेली. तिथून जवळच कुफरी आहे. आपल्या बाजारातल्या कुफरी ज्योती, कुफरी पुखराज, कुफरी चंद्रमुखी या नावांतलं 'कुफरी' तेच. मैदानी भागात थंडीतल्या आखूड दिवसांत आलूला धड फुलं येत नाहीत. डोंगरात उन्हाळ्याच्या लांब दिवसांत येतात. तिथे संशोधक कळी उमलायच्या आधी चिमट्यानं तिचे पुंकेसर काढून टाकतात, दुसऱ्या वाणाचे परागकण तिच्यावर लावतात आणि वर पिशवी बांधतात. काही आठवड्यांनी छोट्या हिरव्या टोमॅटोसारखं फळ धरतं. ते खायचं नसतं, विषारी असतं. त्यात शे-दोनशे बारीक बिया निघतात.

खरी अडचण इथून सुरू होते. त्या शे-दोनशे बियांतून येणारी सगळी झाडं वेगवेगळी असतात. माणसात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, आलूत चार. १२ प्रकारची गुणसूत्रं, प्रत्येकी चार, एकूण ४८. आणि त्या चारही प्रती एकमेकींपेक्षा निराळ्या असू शकतात. प्रत्येक संकरात हा सगळा पत्त्यांचा डाव नव्यानं पिसला जातो. एका झाडाला रोगप्रतिकार येतो पण कंद वाकडेतिकडे, दुसऱ्याचे कंद देखणे पण साठवणीत टिकत नाहीत, तिसरं उशिरा तयार होतं. हजारो रोपांतून निवडत, टाकून देत, वर्षामागून वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी लावून पाहत एक वाण हाती लागायला दहा-बारा वर्षं सहज जातात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे. भाताचं उदाहरण घ्या. स्वर्णा हा लोकप्रिय वाण पुराच्या पाण्यात बुडाला की मरायचा. संशोधकांनी पूर सहन करणाऱ्या दुसऱ्या भाताशी त्याचा संकर केला आणि मग आलेल्या रोपांचा पुन्हा पुन्हा स्वर्णाशीच संकर करत गेले. शेवटी उरला जवळपास स्वर्णाच, फक्त त्यात पूर सहन करण्याचं एक जनुक जास्त. २००९ मध्ये स्वर्णा-सब१ शेतकऱ्यांपर्यंत पोचला. हे जीएम नव्हतं, साधा संकरच होता, फक्त प्रयोगशाळेत जनुकाची खूण तपासत केलेला. आलूत ही युक्ती चालत नाही. चार प्रतींच्या गुंत्यामुळे मूळ वाण पुन्हा जसाच्या तसा परत मिळवता येत नाही, आणि जवळच्या नात्यात वारंवार संकर केला की झाडं खुरटतात. म्हणजे कुफरी ज्योतीला संकरानं 'दुरुस्त' करता येत नाही. संकरातून येईल तो नवाच वाण असेल, आणि तो चिप्सवाल्याला, आडत्याला, आलूबोंडेवाल्याला पटेल की नाही हे पुन्हा पहिल्यापासून पाहावं लागेल.

त्यात आणखी एक भानगड. करप्याला तोंड देणारी चांगली जनुकं बहुतेक करून जंगली आलूंमध्ये सापडतात, मेक्सिकोत आणि दक्षिण अमेरिकेच्या अँडीज डोंगरांत. तिथे हा रोग आणि ही झाडं फार जुन्या काळापासून एकमेकांशी झुंजत आहेत. मेक्सिकोतल्या सोलॅनम डेमिसम या जंगली जातीची जनुकं विसाव्या शतकात संकरानं आपल्या आलूत आणली गेली. त्यांना आर१, आर२, आर३ अशी नावं पडली. १९६८ साली आलेली कुफरी ज्योती सुरुवातीला करप्याला चांगली पुरून उरायची. पुढे तिचं ते बळ ओसरलं. वाण मात्र टिकला, कारण बाकीचे गुण चांगले होते आणि फवारणी होतीच.

मेक्सिकोतलीच दुसरी जंगली जात सोलॅनम बल्बोकॅस्टानम. तिच्यात करप्याला जबर विरोध करणारी जनुकं आहेत, पण तिचा आपल्या आलूशी थेट संकर होत नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मधे पूल बांधला. आधी तिचा दुसऱ्या एका जंगली जातीशी संकर केला, कॉल्चिसिन या रसायनानं गुणसूत्रं दुप्पट केली, मग तिसऱ्या जातीशी संकर, मग खाण्याच्या आलूशी, आणि त्यानंतर नको असलेले जंगली गुण काढून टाकायला पिढ्यांवर पिढ्या. या कामातून बायोनिका आणि टोलुका हे दोन वाण निघाले तेव्हा पहिल्या संकरापासून सुमारे ४६ वर्षं झाली होती. जंगली जातीशी सोयरीक करताना हवा असतो एकटा नवरदेव, पण सोबत अख्खं वऱ्हाड येतं, आणि लग्न उरकल्यावरही त्यातले काही पाहुणे मांडवातून हलत नाहीत. एका जनुकाला चिकटून शेजारची शेकडो जनुकं येतात आणि त्यांना परत पाठवण्यातच आयुष्य जातं.

(गुणसूत्रं रसायनानं दुप्पट करणं कायद्याच्या आणि लोकांच्याही लेखी 'पारंपरिक' मानलं जातं, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.)

हे पाहुणे नेहमी निरुपद्रवी असतात असंही नाही. अमेरिकेत १९६७ मध्ये लेनापे नावाचा चिप्ससाठीचा आलू आला. त्यात एका जंगली जातीचं रक्त होतं, संकरानंच आलेलं. चिप्स उत्तम व्हायचे. पण त्यात सोलॅनीनसारखी विषारी द्रव्यं, म्हणजे हिरव्या पडलेल्या आलूत कडू लागतात ती, नेहमीपेक्षा फार जास्त निघाली आणि १९७० मध्ये वाण मागे घ्यावा लागला. 'संकराचं ते नैसर्गिक, म्हणून सुरक्षित' असं कुणी ठामपणे सांगितलं की मला लेनापे आठवतो.

दुसरी वाट आता पटकन सांगता येईल, कारण अवघड भाग वर येऊन गेला. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी बल्बोकॅस्टानममधलं एक प्रतिकारक जनुक नेमकं शोधून वेगळं काढलं. त्याला आरबी म्हणतात. त्याच जातीतलं आरपीआय-बीएलबी२ हे दुसरं जनुकही थोड्याच काळात हाती आलं. असं जनुक वेगळं मिळालं की ते पोचवायला अॅग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जिवाणू वापरतात. हा जिवाणू मुळातच झाडाच्या पेशीत स्वतःच्या डीएनएचा एक तुकडा घुसवून झाडाला गाठी आणतो. शास्त्रज्ञ त्यातली गाठी आणणारी जनुकं काढून तिथे हवं ते जनुक ठेवतात. आलूच्या खोडाचे किंवा पानाचे तुकडे त्या जिवाणूच्या पाण्यात बुडवतात आणि मग काचेच्या बाटलीत, टिश्यू कल्चरमध्ये, त्यांना कोंब फुटू देतात. जनुक गुणसूत्रावर कुठे जाऊन बसेल यावर ताबा नसतो, म्हणून पुष्कळ रोपं तयार करून बहुतेक फेकून द्यावी लागतात. टाकून देणं दोन्ही वाटांवर आहे. पण इथे वऱ्हाड येत नाही, आणि मुख्य म्हणजे वाण तोच राहतो.

बीएएसएफ या जर्मन कंपनीनं फोंटाने या चालत्या युरोपीय वाणात बल्बोकॅस्टानमची दोन जनुकं घालून फॉर्चुना नावाचा आलू केला. बायोनिका-टोलुकात ४६ वर्षांनी आलेलं बीएलबी२ त्या दोनांपैकी एक होतं. जनुक तेच, जंगली आई तीच. बायोनिकाला युरोपात कुणी अडवलं नाही. फॉर्चुनासाठी कंपनीनं २०११ मध्ये परवानगी मागितली आणि विरोध पाहून २०१३ मध्ये नाद सोडला. वस्तूकडे न पाहता ती आली कुठल्या वाटेनं एवढंच पाहून निर्णय झाला. माझ्या मते तो चुकीचा होता.

पण हे मत मी विदर्भात मांडतो तेव्हा समोरून लगेच प्रश्न येतो. कापूसवाला शेतकरी विचारतो, "पायलं ना भाऊ आपन बीटीचं? मंग आता आलूतबी तेच आनता काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. भारतात २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यात बोंडअळीला मारणारं एकच जनुक होतं. २००६ मध्ये दोन जनुकांचा बीटी आला. हिरव्या बोंडअळीवर त्याचा उपयोग झाला, फवारण्या कमी झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गुलाबी बोंडअळीनं आधी एका आणि मग दोन्ही जनुकांना पचवलं, आणि २०१७ मध्ये विदर्भात बोंडं फोडून पाहिली तर आत अळ्या. बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं, ते बांधाच्या कडेनं पेरायचं होतं, म्हणजे अळीची काही पिल्लावळ बीटी न खाता वाढली असती आणि बीटी पचवणाऱ्या अळ्यांचंच राज्य झालं नसतं. ते पुष्कळांनी पेरलंच नाही.

बीटीचं जनुक जिवाणूतून आलेलं, करप्याचं आलूच्याच भावंडातून आलेलं, हा फरक खरा आहे. तरी अळी आणि करपा दोघांचा हिशेब एकच. करपा झाडाच्या पेशीत आपली प्रथिनं सोडतो आणि झाडाची धोक्याची घंटा बंद पाडतो. प्रतिकारक जनुकापासून बनणारं प्रथिन त्यातलं एखादं प्रथिन ओळखतं. ओळख पटली की ती पेशी स्वतःला मारून घेते आणि शत्रू तिथेच अडकतो. करप्यानं ते एक प्रथिन बदललं किंवा टाकून दिलं की पहारेकरी आंधळा होतो. या जिवाचा संपूर्ण जनुकसंच २००९ मध्ये वाचला गेला, तेव्हा दिसलं की अशी प्रथिनं बनवणारी त्याची जनुकं नेमकी भराभर बदलणाऱ्या भागात बसलेली आहेत. एकटं जनुक संकरानं आणा की जिवाणूनं, करपा ते केव्हा ना केव्हा मोडणार. कुफरी ज्योतीचं बळ ओसरलं तेव्हा जीएमचा संबंधही नव्हता.

म्हणून मला 'संकर की जीएम' यापेक्षा 'किती जनुकं, आणि कुठली' हा प्रश्न मोठा वाटतो. आकडा मोठा असला की झालं असंही नाही. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात पेंटलँड डेल हा आर१, आर२, आर३ अशी तीन जनुकं असलेला वाण आला आणि काही वर्षांतच करप्यानं तोही मोडला. ती जनुकं ओळखीची झाली होती. याउलट आंतरराष्ट्रीय आलू केंद्रानं आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया वाणात वेगवेगळ्या जंगली जातींतली तीन ताजी जनुकं एकत्र बसवली: आरबी, बीएलबी२ आणि सोलॅनम व्हेंटुरीमधलं व्हीएनटी१. युगांडातल्या चाचण्यांत तो आलू बुरशीनाशकाशिवाय हिरवा उभा राहिला. अशी तीन जनुकं संकरानं एका आवडत्या वाणात आणायची म्हटली तर किती पिढ्या लागतील याचा अंदाज वर दिलेल्या ४६ वर्षांवरून करा. इथे जीएमची वाट खरोखर सरस आहे. तरीही फवारणी कायमची विसरा असं कुणी म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. दोन-तीन फवारण्या चालू ठेवल्या तर जनुकं जास्त काळ टिकतात.

संकरवालेही गप्प बसलेले नाहीत. चारऐवजी दोनच प्रती असलेले आलू वापरून, भातासारखा शिस्तीत संकर करता येईल अशी पद्धत नेदरलँड्समध्ये उभी राहते आहे. ती जमली तर वरच्या युक्तिवादातला बराच भाग जुना होईल, आणि मला त्याचं वाईट वाटणार नाही.

तिसरी वाट जनुक संपादनाची. यात बाहेरचं जनुक घालत नाहीत, झाडाचंच एखादं जनुक बंद पाडतात. आलूतलं डीएमआर६ हे जनुक बंद केलं की करप्याला पाय रोवणं जड जातं, असं प्रयोगांत दिसलंय. फक्त चारही प्रती बंद कराव्या लागतात. भारत सरकारनं मार्च २०२२ मध्ये बाहेरचं जनुक नसलेल्या अशा पिकांना जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले. आलूच्या जंगली जनुकांना ही सूट लागू नाही. ती पूर्ण जनुकं असल्यामुळे ती जीएमच ठरतात.

जीएमच्या बाबतीत देशाची गाडी कुठे अडली हे नागपूरकरांना आठवत असेल. बीटी वांग्यावर जानेवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ज्या मोजक्या शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यांत नागपूरही होतं. फेब्रुवारीत त्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. आजही आपल्याकडे शेतात व्यापारी तत्त्वावर उभं असलेलं जीएम पीक एकच, कापूस. शिमल्याच्या संस्थेनं आरबी जनुक घातलेल्या आलूवर बरीच वर्षं काम केलं आहे, पण तो आलू शेतकऱ्याच्या हाती आलेला नाही. मंचर-खेडकडचा किंवा खटावचा आलू उत्पादक आभाळ भरून आलं की मॅन्कोझेब हे बुरशीनाशकच काढतो.

शेवटी मालकीची भीती. कापसात दरवर्षी नवं पाकीट घ्यावं लागतं, कारण ते संकरित बियाणं; घरचं पेरलं तर पीक एकसारखं येत नाही. आलूत तसं नाही. बेणं ही हुबेहूब प्रत असल्यामुळे घातलेलं जनुक पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहील. मावा विषाणू पसरवतो म्हणून तीन-चार वर्षांनी पंजाबकडचं ताजं बेणं घ्यावं लागतं, तेवढंच. २००१च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं ठेवायचा, पेरायचा आणि बिनाब्रँड विकायचा हक्कही दिला आहे. तरी भांडणं होतात. २०१९ मध्ये पेप्सिकोनं गुजरातच्या काही शेतकऱ्यांवर आपला एफसी५ हा चिप्सचा आलू लावल्याबद्दल खटले भरले आणि गदारोळ झाल्यावर मागे घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये त्या वाणाची नोंदणी रद्द झाली, जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द करण्याचा तो आदेश बाजूला ठेवला. एफसी५ हा साध्या संकरातून निघालेला आलू आहे. त्यात बाहेरून घातलेलं एकही जनुक नाही.